लाइट जायच्या आत

आमच्याकडच्या मुलांना कॉम्प्युटर येत नाही, असं पुण्या-मुंबईची माणसं सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. कॉम्प्युटर येतो त्यांना, त्याच्यासमोर बसायला वेळ मिळत नाही हे खरं दुखणं आहे. मालवणला कॉलेजला येणारी मुलं देवबाग, आचरा, मसुरे, कट्टा अशा गावांतून एसटीने येतात. लेक्चर, प्रॅक्टिकल, मग लॅबमध्ये मशीन रिकामं मिळालं तर तासभर, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर घरी पोचायचं कसं हा घोर. घरी लॅपटॉप असलाच तर दोन भावंडांत मिळून एक. त्यात पावसाळ्यात वारा सुटला की लाइट जाते आणि लाइटच्या मागोमाग रेंज.

माझं कॉलेजच्या रस्त्याला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वर्षानुवर्षं ही मुलं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून, एक डोळा घड्याळावर ठेवून काम करताना बघत आलोय. विद्यार्थ्यांसाठी म्हणून कॉम्प्युटरच्या ज्या युक्त्या सांगितल्या जातात, त्यातल्या निम्म्या दिवसभर मशीन हाताशी असणाऱ्यांसाठी असतात. ज्याच्याकडे गाडी यायला चाळीस मिनिटं उरलीत त्याची गरज वेगळी असते. केलेलं काम जाता कामा नये, आणि तेच काम पुन्हा करायची वेळ येता कामा नये, एवढंच त्याला हवं असतं. आणि त्या चाळिसातली दहा मिनिटं उरलीच, तर नेटवर जरा विरंगुळा.

लाइटपासून सुरू करतो. वर्डमध्ये आपोआप मजकूर जपून ठेवायची सोय असते, पण ती मुळात दर दहा मिनिटांवर लावलेली असते. दहा मिनिटांत चांगलं टाइप करणारी मुलगी पाऊण पान लिहून काढते, आणि ते पाऊण पान दुसऱ्यांदा लिहिताना तिला रडू येतं, हे मी पाहिलंय. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह असं जाऊन तो दहाचा आकडा दोन करा. नवीन फाइल उघडली की एक ओळ लिहायच्या आधी तिला नाव द्या आणि परिच्छेद संपला की कंट्रोल-एस दाबा. गूगल डॉक्सवर काम करणाऱ्यांनी ऑफलाइनची सोय रेंज असतानाच चालू करून ठेवायची. मग रेंज गेली तरी लिहिणं थांबत नाही, रेंज परत आली की सगळं वर चढतं. पण ती आधी चालू केलेली नसेल तर रेंज गेल्यावर आठवून काहीच करता येत नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा या सगळ्याची किंमत कळली. खांब आडवे झाले होते, गावंच्या गावं अंधारात, आणि कोविडमुळे कॉलेज मोबाइलवर चाललेलं. दुकानात जनरेटर लावला की मुलं चार्जरच्या वायरी घेऊन यायची. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. तिथे कागद भिजले, पुस्तकं भिजली, कॉम्प्युटरही भिजले. त्यानंतर मी प्रत्येकाला एक नियम सांगायला लागलो. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारामुळे तो जगभर माहीत झाला. कामाच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह एकाच सॅकमध्ये ठेवले तर त्या दोन प्रती एकाच खाडीत एकदम बुडतात, याला काही अर्थ नाही. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. विद्यार्थ्याचा तीन वर्षांचा अभ्यास त्यात मावतो. त्यातही कंटाळा येत असेल तर रोज घरी निघताना फाइल स्वतःलाच मेल करा, तेही चालेल.

फेब्रुवारी-मार्च म्हणजे ब्लॅक बुकचा सीझन. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात शिकलेल्यांना हे सांगायला नको. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. त्या दिवसांत दुकानात मुंगीला शिरायला जागा नसते. एका वर्षी मसुऱ्याकडची एक मुलगी सत्तर-ऐंशी पानांचा प्रोजेक्ट घेऊन आली. अनुक्रमणिका तिने हाताने केली होती. प्रकरणाचं नाव, मग टिंबं, टिंबं, टिंबं, आणि शेवटी पान नंबर. सगळे नंबर सरळ रेषेत यावेत म्हणून एकेक टिंब वाढवून, कमी करून. गाइड सरांनी दुसऱ्या प्रकरणात दोन आकृत्या घालायला सांगितल्या होत्या, त्यामुळे पुढची सगळी पानं सरकली होती.

"काका, मधी पान वाढला तर परत सगळे नंबर बदलूचे लागतले?"

"लागूचे नाय. हय बस, दाखवतंय."

प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवायचा, कंट्रोल आणि ऑल्ट धरून एक दाबायचा. ते नाव 'हेडिंग वन' झालं. त्याच्या पोटातल्या मथळ्याला तसंच दोन. तिने एकेक प्रकरण घेतलं. पहिल्या दोनदा बघून, मग न बघता. सगळे मथळे झाल्यावर रेफरन्सेसमध्ये जाऊन टेबल ऑफ कंटेंट्स. अनुक्रमणिका समोर उभी राहिली, टिंबांसकट. मग मी तिला मुद्दाम मध्ये एक कोरं पान घालायला सांगितलं आणि अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ-नाइन दाबायला लावलं. पूर्ण टेबल बदलायचा पर्याय निवडला तसे त्यापुढचे सगळे नंबर एकाने पुढे गेले. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ह्या माका आधी कोणीच सांगूक नाय."

ते ऐकून मला वाईट वाटलं. शाळेत तिला कॉम्प्युटर विषय होता, त्यानंतर तिने सुट्टीत एक कोर्सही केला होता. अक्षर ठळक कसं करायचं, रंग कसा द्यायचा, हे सगळं तिला येत होतं. मथळ्याला मथळा म्हणून ओळख दिली की पुढची किती कामं मशीन स्वतः करतं, हे मात्र राहून गेलं होतं. माझ्या मते वर्डमधली एकच गोष्ट शिकवायची असेल तर ही शिकवावी. आणि दुसरी शिकवायला वेळ मिळाला तर सेक्शन ब्रेक. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून एक, दोन, तीन, हे जमत नाही म्हणून मुलं दोन वेगळ्या फाइली करतात. लेआउट, ब्रेक्स, त्यातलं नेक्स्ट पेज. मग दुसऱ्या भागाच्या फूटरमध्ये जाऊन 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करायचं आणि नंबर एकपासून सुरू करायला सांगायचं. झालं. प्रिंटला येताना मात्र पीडीएफ करूनच आणा. तुमच्या मशीनवरचा फाँट माझ्याकडे नसेल तर पानं पुन्हा सरकतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

मराठी घेऊन एमए करणाऱ्यांचं याहून अवघड. कोणाच्या तरी मामाने जुन्या फाँटमध्ये टाइप करून दिलेली चाळीस पानं दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. टायपिंग कुठूनही करून घ्या, पण युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दिसतात. स्वतः शिकणार असाल तर इनस्क्रिप्ट नावाची किल्ल्यांची मांडणी शिका. पहिले पंधरा दिवस बोटं अडखळतात, नंतर हात बसतो तो कायमचा. डाव्या बाजूला स्वर, उजवीकडे व्यंजनं, आणि स्वर व त्याचं चिन्ह एकाच किल्लीवर, काना-मात्रेसारख्या चिन्हाला साधी दाबायची, स्वतंत्र अक्षराला शिफ्ट. विंडोजमध्ये दोन भाषा घालून ठेवल्या की विंडोज-स्पेसने इकडून तिकडे जाता येतं.

पेनड्राइव्हबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे मुलं विनाकारण घाबरतात. लॅबमधल्या मशीनला लावून आणलेला पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. मुलांना वाटतं सगळं पुसलं गेलं. पुसलं गेलेलं नसतं. व्हायरसने तुमचे खरे फोल्डर लपवलेले असतात आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट समोर मांडलेले असतात. त्यावर क्लिक करू नका, कारण क्लिक केलं की तो त्या मशीनमध्येही शिरतो. पेनड्राइव्ह फॉरमॅट तर मुळीच करू नका. ज्याच्याकडे चांगला अँटिव्हायरस आहे त्याच्याकडून आधी साफ करून घ्या. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब नावाची कमांड असते, ती लपवलेलं परत दिसतं करते. आमच्यासारख्या कुठल्याही दुकानात ती येणारा माणूस भेटेल. हे काम दोन मिनिटांचं आहे. कोणी त्याचे पैसे मागत असेल तर माझ्याकडे या.

दुकानातल्या किंवा लॅबमधल्या मशीनवर आपलं खातं उघडताना कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून खासगी खिडकी घ्या. ती बंद केली की पासवर्ड मागे राहत नाही. व्हॉट्सॲप वेबवरून फाइल घेतली असेल तर निघताना मोबाइलमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन ते मशीन काढून टाका. संध्याकाळी दुकान बंद करताना दुसऱ्याच्या घरातल्या गप्पा स्क्रीनवर दिसतात तेव्हा मी पटकन डोळे मिटून बंद करतो, पण प्रत्येक दुकानदार करीलच असं नाही.

चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो. दुसरीकडून उचललेला मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्हीने चिकटवला तर तिकडचा रंग आणि आकार सोबत येत नाही. ब्राउझरमध्ये हे हमखास चालतं. विंडोज-व्हीची सोय एकदा चालू केली की शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी समोर येतात, त्यातली हवी ती निवडायची. संदर्भसूची करताना याने फार काम हलकं होतं. आम्ही दुकानाच्या पाटीवर ज्या कंपनीचं नाव लावतो त्याच झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कट, कॉपी, पेस्ट आकाराला आणलं. टेस्लर २०२० मध्ये गेले. त्या दिवशी दुकानात आलेल्या मुलांना मी ते मुद्दाम सांगितलं होतं. ज्याच्यामुळे आपले रोजचे तास वाचतात त्याचं नाव तरी माहीत असावं.

स्कॉलरशिपच्या फॉर्मचं दुखणं वेगळंच. फॉर्म भरून होतो, आणि ओटीपी जातो बाबांच्या मोबाइलवर. बाबा ट्रॉलरवर, खोल समुद्रात, रेंज नाही. तोवर ओटीपीची मुदत संपते. बोटीवर काम करणाऱ्यांच्या मुलांनी आधारला आपला स्वतःचा नंबर वेळेत जोडून घ्यावा, बारावीचा निकाल लागायच्या आधीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बाबा घरी असतात, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर अवलंबून असलेली सगळी कामं उरकून टाकावीत. उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट हे डिजिलॉकरमध्ये ठेवलं की ऐनवेळी घरून फोटो मागवायला लागत नाही.

आता विरंगुळ्याचं. मुलांनी नेटवर करमणूक करू नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. सकाळी सहाला घर सोडलेल्या पोराला दुपारी चार वाजता जरा हसावंसं वाटलं तर त्यात गैर काय? माझा राग रीळ बघण्यावर नाही, त्याच्या न संपण्यावर आहे. पान कधी संपूच नये, बोट सरकवत राहावं, ही रचना एझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये केली आणि पुढे त्याबद्दल स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. दहा मिनिटांसाठी मोबाइल उघडलेल्या मुलाची गाडी माझ्या दुकानासमोरून निघून गेलेली मी पाहिली आहे, आणि तो बिचारा काही आळशी नव्हता. ते बनवलंच तसं आहे. म्हणून मी सुचवतो ते विरंगुळे असे की ज्यांना शेवट असतो.

लिचेस नावाच्या साइटवर बुद्धिबळाचं दिवसाचं कोडं सोडवावं. तिथे जाहिरात नाही, पैसे नाहीत. इंग्रजीची भीती घालवायची असेल तर वर्डल. पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न, रोज एकच. उद्यापर्यंत दुसरं फुकट मिळत नाही, आणि हीच त्याची गंमत आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते गूगल अर्थ. कॉम्प्युटरवर घालायची त्याची प्रो आवृत्ती २०१५ पासून फुकट आहे, आणि तिच्यात वर घड्याळाचं चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की त्याच जागेचे आधीच्या वर्षांचे फोटो एकामागून एक बघता येतात. देवबागचा एक मुलगा प्रिंटची वाट बघत बसला होता, त्याला ते उघडून दिलं. त्याने आधी सगळे करतात तेच केलं, "ह्या बघा माझा घर" म्हणून कौलं दाखवली. मग घड्याळ मागे सरकवत गेला. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. संगमावरचा वाळूचा दांडा एका फोटोत लांब, दुसऱ्यात तुटलेला, तिसऱ्यात नदीकडे वळलेला. आजोबा सांगायचे ती वाळू कुठे होती ते त्याने स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. नदी गाळ आणून टाकते, पावसाळ्यातल्या लाटा तो हलवतात, एवढं मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. त्याची प्रिंट कधीच निघून झाली होती. पुढच्या सेमिस्टरला भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी त्याने हाच विषय घेतला.

जूनमध्ये वाऱ्याचा नकाशा बघावा. अर्थ नलस्कूल नावाचं एक पान आहे, त्यावर पृथ्वीभरचा वारा वाहताना दिसतो. उंची ८५० हेक्टोपास्कलची निवडायची, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड किलोमीटरवरची. सोमालियाच्या किनाऱ्याला लागून वाऱ्याचा एक जाड पट्टा वर येतो आणि अरबी समुद्र ओलांडून थेट आपल्या अंगावर येतो. ज्या पावसात आपण भिजतो तो येतो कुठून, हे पुस्तकात वाचलेलं असतं. तिथे ते डोळ्यांसमोर चालू असतं. कोळ्यांच्या मुलांना हे बघायला सांगावं लागत नाही, एकदा दाखवलं की ती रोज बघतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याची माहिती देते, तीही मग त्यांना सापडते आणि घरी जाऊन वडिलांना दाखवतात. मात्र बोट काढायची की नाही हे हवामान खात्याच्या इशाऱ्यावरच ठरवायचं, हे मी प्रत्येक वेळी बजावतो.

अजून एक. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. त्यात डावीकडे 'अविशिष्ट लेख' म्हणून दुवा असतो, तो दाबला की कुठलाही एक लेख समोर येतो. चहा थंड होईपर्यंत तीन-चार वाचून होतात. पण त्यातून फार वेळा दोन ओळींचं एखादं गाव निघतं. नाव, तालुका, जिल्हा, संपलं. हे मला फार लागतं. ज्या गावात हजारेक माणसं राहतात, ज्याचं देऊळ आहे, जत्रा आहे, खाडी आहे, त्याच्याबद्दल आपल्याच भाषेत दोन ओळी.

आचऱ्याकडच्या एका मुलाला मी म्हटलं, तुझ्या गावाचं तू लिही. त्याने लिहिलं, पण संदर्भ नव्हता म्हणून मजकूर काढला गेला. तसं होणारच. तिथे ऐकीव माहिती चालत नाही. मग आम्ही इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या साइटवर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या माहितीग्रंथाचा, दहावा खंड काढला, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, १८८० चा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्यामुळे मालवण शोधायचं ते रत्नागिरीत. स्कॅन केलेलं शेकडो पानांचं इंग्रजी पुस्तक, ते वाचायला कोण बसणार. कंट्रोल-एफ दाबलं, मालवण टाइप केलं, आणि सापडेना. त्या काळच्या पुस्तकात स्वरांवर तिरक्या रेघा दिलेल्या आहेत आणि स्कॅन वाचताना मशीन त्याचं भलतंच काही करतं. म्हणून पूर्ण नाव न टाकता फक्त मधली अक्षरं टाकायची, जिथे रेघ नाही तेवढीच. 'मा' सोडून नुसतं 'ल्वन' शोधलं आणि एकामागून एक पानं निघायला लागली. मग त्याने आपल्या गावाच्या नावाची तशीच मोडतोड करून बघितली. निघालं. बंदर, जकात, देवस्थान. त्याने त्या पानांचे फोटो घेतले, खाली खंड आणि पान क्रमांक लिहून ठेवला, आणि शेवटची गाडी पकडायला पळाला. सध्या तो दर शनिवारी येऊन एकेक परिच्छेद मराठीत करतो. देवळाचा झालाय, बंदराचा अर्ध्यावर आहे.